नवी ट्रॉली, जुनं तुणतुणं
आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याची कर्ज काढून घेतलेली नवीकोरी ट्रॉली दुसऱ्याच महिन्यात हुकाजवळ तडकली. विकताना डीलर म्हणाला, 'कितीही भरा!' आता म्हणतो, 'ओव्हरलोड केली.' मग वॉरंटी कार्ड काय पूजेला ठेवायचं? वेल्डिंगचा टाका मारून दिला, आठ दिवसांत पुन्हा तडा. हंगामात ट्रॉली दारात उभी, हप्ता मात्र चालू!

मित्रांनो, नुसतं तोंडी भांडू नका. दरवेळी जॉब कार्ड मागा, फोटो काढा, तक्रार लेखी द्या. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली ट्रॉली असली तरी कायद्याने आपण ग्राहकच. १९१५ वर फोन करा. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. 'बघू' म्हणणाऱ्याला आता नोटीस बघू द्या!