खून बाईचा, चौकशी तिच्याच चारित्र्याची

परवा वरळी कोळीवाड्यात आमची रविवारची वाचन-बैठक होती. विषय होता ॲट्रॉसिटी कायदा, पण पोरं अर्धा तास लंडनच्या जॅक द रिपरवरच बोलत बसली. खुनी राणीचा नातू होता, चित्रकार होता, डॉक्टर होता. जितकी तोंडं तितक्या थिअऱ्या. आम्ही म्हटलं, मेलेल्या बायकांपैकी एकीचं तरी नाव सांगा. सगळे गप्प.

मेरी ॲन निकोल्स. वय ४३, पाच लेकरांची आई. ३१ ऑगस्ट १८८८ ला ती व्हाइटचॅपलच्या रस्त्यावर मारली गेली, आणि त्या रात्री ती रस्त्यावर होती कारण निवाऱ्यातल्या खाटेपुरते चार पेन्स तिच्याकडे नव्हते. पुढे शंभरावर वर्षं तिची ओळख एकच, 'वेश्या'. २०१९ मध्ये हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी पाचही जणींवर पुस्तक लिहिलं आणि त्यातल्या तिघींबद्दल तसा पुरावाच नाही असं मांडलं. (असता तरी काय? खून माफ होतो का?)

आणि सुरुवातीला संशय कुणावर घेतला? 'लेदर ॲप्रन' नावाच्या माणसावर. जॉन पायझर हा जोडे शिवणारा गरीब ज्यू पकडला गेला, निर्दोष निघाला, सुटला. चामड्याचं काम करणारा आणि परधर्माचा, एवढं संशयाला पुरलं. आम्हाला यात नवल वाटत नाही. याच इंग्रजांनी १८७१ मध्ये इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला होता.

कुणी म्हणेल, ही जुनी विलायती गोष्ट, करमणूक म्हणून ऐकली तर बिघडलं काय? मग खैरलांजी बघा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे रोशन आणि सुधीर, चौघांना गावाच्या जमावाने मारलं. त्याआधी सुरेखाताईंनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होताच. पण पहिल्या दिवसांत पसरवलं काय? 'अनैतिक संबंध'. थिअरी तयार होती, बाईचं प्रेत थंड होण्याआधी.

इथे खुनी सापडले. सापडलं नाही ते कारण. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही, विनयभंगाचंही नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि म्हटलं, हा सूड होता, जात नव्हे. सूड कशाचा? साक्षीचा. आता आम्ही विचारतो, वरचढ जातीच्या बाईने तीच साक्ष दिली असती तर तिचं अख्खं घर असं संपवायची गावाची हिंमत झाली असती? कागदावर सूड लिहिला की जात सुटते, आणि गावगप्पांत चारित्र्य लिहिलं की गाव सुटतं.

भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. जातीचा खून म्हणून निकाल त्यांनी शेवटपर्यंत ऐकला नाही.

पोरांनो, राणीच्या नातवाचं तुम्हाला पाठ आहे. पुढच्या रविवारी नागपूर खंडपीठाचा निकाल वाचायचा आहे. कलमं वहीत उतरवून आणा, आणि चौघांची नावं न बघता सांगता आली पाहिजेत.

जय भीम!