फेरारीनेसुद्धा बटणं परत आणली, राव!

परवा मित्र म्हणाला, "नवी फेरारी अमाल्फी बघितलीस? काय नाक आहे!" नाक ठीक आहे हो. २०१९ च्या रोमाची जाळी गेली, २०२५ मध्ये तिथे काळा पट्टा आला. पण खरी गंमत आत आहे. स्टीअरिंगवरची टचवाली बटणं काढून फेरारीने दाबायची बटणं परत आणली, इंजिन सुरू करायचंसुद्धा!

आणि आपल्याकडे? एसी कमी करायलाही स्क्रीन. येरवड्याच्या गुंजन चौकात डावीकडून रिक्षा घुसत असताना रस्ता बघायचा की स्क्रीन? मी दिवसभर स्क्रीनच बनवतो, म्हणून सांगतो, दहा बटणं बसवण्यापेक्षा हे सोपं पडतं. वर त्याला 'प्रीमियम' म्हणायचं!

पुढच्या टेस्ट ड्राइव्हला मी सेल्समनला डोळे मिटून पंखा वाढवायला सांगणार आहे.