आधी भाकर, मग वाट



सोयाबीनच्या काढणीत नांदेड-लातूरकडे माणसे उपाशीपोटी राबतात, अर्धी रात्र जागतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतो. आपल्या खांद्यांचे काय?

देहाची काळजी म्हणजे स्वार्थ, असे काही ख्रिस्ती बांधवांना वाटते. त्यांनी बायबलातला एलीया आठवावा (1 राजे, अध्याय 19). खचून त्याने मरण मागितले. देवाने आधी उपदेश केला नाही. झोपू दिले, दूताकरवी भाकर-पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मग पुढची वाट. निर्गमाच्या 23 व्या अध्यायात तर सातव्या दिवसाचा विसावा बैल, गाढव आणि चाकरालाही आहे.

म्हणून आठवड्यातून एक दिवस सालगड्यासह थांबा. फवारणीनंतर साबणाने अंघोळ करूनच जेवा. सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या घरधनिणीलाही पंगतीत बसवा. जगणे नकोसे वाटले, तर घरच्यांशी, पाळकांशी बोला. 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. विश्वास कमी पडला असे समजू नका. एलीयाही खचला होता.