वाळूची पोती कोणाच्या दारी?

११ जुलै १९६१ च्या रात्री पानशेत धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते. धरण मातीचे, बांधकाम अपुरे आणि माथा खचत चाललेला. मुसळधार पावसात रात्रभर झालेल्या या श्रमांनी धरण वाचले नाही. १२ जुलैच्या सकाळी ते फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याची भिंत कोसळली आणि मुठेकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. मात्र जो घाला शहर झोपेत असताना पडला असता तो दिवसाउजेडी पडला आणि त्यामुळे हजारो माणसांना जीव घेऊन निघता आले. वाळूच्या पोत्याचे मोल आणि मर्यादा या एकाच घटनेत दिसून येतात. पोते पूर थोपवीत नाही, ते वेळ मिळवून देते. शिवाय ती पोती कोणा एकाच्या दारात नव्हती. ती साऱ्या शहरासाठी रचलेली होती.

आज मात्र पावसाळा आला की 'आपापल्या मालमत्तेची काळजी घ्या' असा उपदेश नागरिकांना केला जातो. या उपदेशामागचा हिशोब कोणी मांडीत नाही. पोते निम्म्याहून थोडे अधिक भरावे, तोंड दुमडून खाली दाबावे, विटांप्रमाणे सांधे चुकवून थर द्यावेत आणि पाण्याच्या बाजूस प्लास्टिकचा कागद अंथरावा, असे हे तंत्र आहे. बांधाची रुंदी उंचीच्या तिप्पट असावी लागते. शंभर फूट लांब आणि दोन फूट उंच बांधाला सुमारे दोन हजार पोती, म्हणजे तीस टनांच्या आसपास वाळू लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने ही वाळू आणावी कोठून, ती ठेवावी कोठे आणि भरावी कोणाच्या बळावर? बंगल्याच्या फाटकाशी पोती दिसतात आणि नाल्याकाठच्या झोपडीशी दिसत नाहीत, याचे कारण दक्षतेतला फरक नसून ऐपतीतला फरक आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, एका दाराशी अडवलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सखल दाराकडे वळते. ज्याची ऐपत आहे त्याचे संरक्षण अशा रीतीने ज्याची ऐपत नाही त्याच्या नुकसानीत भर घालू शकते. खाजगी लाभाची सामाजिक किंमत दुसऱ्याने मोजावी, हा बाजारव्यवस्थेचा जुनाच न्याय येथे पाण्याच्या रूपाने घरात शिरतो. गटारातून उलटे येणारे पाणी तर दारातली पोती अडवूही शकत नाहीत.

जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर त्याच मुठेच्या काठी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली, तेव्हा पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही अशी रहिवाशांची तक्रार होती. सूचनाच वेळेवर नसेल तर पोती भरणार कधी? पाटबंधारे खाते निळ्या आणि लाल पूररेषा आखते. पण नदीपात्रात भराव पडत राहिले तर त्या रेषा नकाशापुरत्याच उरतात. भरावाला मोकळीक देणाऱ्या यंत्रणेने नंतर नागरिकाला पोते भरायला सांगावे, ही आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकण्याची युक्ती होय.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक पूरप्रवण प्रभागात पोत्यांचा आणि वाळूचा सार्वजनिक साठा पावसाळ्यापूर्वी असावा. बांध कोठे घालायचा हे वस्तीच्या सभेत ठरावे आणि त्यात सर्वांत सखल घराचा विचार आधी व्हावा. पोती भरणाऱ्या हातांना रास्त मजुरी मिळावी. विसर्गाची सूचना वस्तीत माणूस पाठवून, ध्वनिक्षेपकावरून दिली जावी आणि नदीपात्रातले भराव हटवले जावेत.

कार्यकर्त्यांनी या मागण्यांसाठी पूर येण्याची वाट पाहू नये. नदीकाठच्या वस्त्यांत मे महिन्यातच सभा घ्याव्यात, सखल घरांची यादी करावी आणि प्रभाग कार्यालयात जाऊन साठा प्रत्यक्ष मोजावा. पानशेतच्या जवानांनी आपण कोणाचे घर वाचवीत आहोत हे विचारले नव्हते. नियोजनानेही ते विचारू नये.