शोपीस नको, स्टेशन हवं

जुन्या ऑडिओची लाट आली आहे. आधी रेकॉर्ड प्लेअर परत आले, मग कॅसेट डेक, आणि आता पाळी एफएम ट्यूनरची आहे. सत्तरच्या दशकातला जपानी ट्यूनर: जाड ॲल्युमिनियमचं तोंड, आतून उजळणारी काचेची पट्टी, त्यावर सरकणारी सुई, आणि एकदा झटका दिला की आतल्या जड चाकामुळे आपसूक फिरत राहणारा नॉब. रील झकास होते. फक्त त्या रीलमागे वाजत असतं ते स्ट्रीमिंग ॲपवरचं गाणं. ट्यूनरला अँटेनाची वायर जोडलेलीच नसते.

हा डबा एकाच कामासाठी बनवलेला आहे. हवेत एकाच वेळी पसरलेल्या अनेक लहरींमधून तुम्हाला हवी ती एक उचलायची आणि बाकीच्या बाहेर ठेवायच्या. ते काम त्याला करू दिलं नाही, तर तो महागडा पेपरवेट आहे. आणि करू दिलं, तर लगेच एक अडचणीचा प्रश्न समोर येतो: आपल्या शहराच्या हवेत ऐकण्यासारखं आहे तरी काय? जुने ट्यूनर जमवणारे हा प्रश्न टाळतात. मला तो टाळायचा नाही.

हा आजोबांचा वारसा नाही

पहिल्यांदा 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द बाजूला ठेवू. अमेरिकेत, जपानमध्ये, ब्रिटनमध्ये एफएम ट्यूनरची आठवण खरी आहे. तिथे लोकांनी तो ऐकला. अमेरिकेत १ जून १९६१ पासून स्टिरिओ एफएम सुरू झालं. जपानमध्ये एफएमवरची मैफल घरच्या टेपवर उतरवून घेण्याचा छंद इतका पसरला की, कोणत्या दिवशी किती वाजता काय लागणार हे सांगणारी मासिकं निघत. त्यासाठीच यामाहा, केनवुड, सॅन्सुई, पायोनियर या कंपन्यांनी एकाहून एक सरस ट्यूनर बनवले.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. भारतात एफएमचं पहिलं प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रासला झालं आणि बाकीच्या शहरांत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. घराघरातले मर्फी आणि बुश मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवर चालत. चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तसा लाकडी रेडिओ घेऊन त्यावर एफएम शोधत बसलात, तर हाती काही लागणार नाही. गल्फमधून कुणी मामा-काका स्टिरिओ घेऊन यायचा, त्यावर एफएमची पट्टी असायची. पण ती सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी बहुतेक गावांत फक्त खरखर ऐकू यायची. म्हणजे आपल्या घरात यंत्र आधी आलं आणि स्टेशन नंतर.

म्हणून मराठी घरातला जुना एफएम ट्यूनर ही एक न वापरलेली शक्यता आहे. तिच्याकडे आठवण म्हणून बघणं म्हणजे जे कधी मिळालंच नाही, त्याच्या आठवणीत रमणं.

त्या डब्यात काय आहे

एफएमचा जनक एडविन आर्मस्ट्राँग. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला याची पेटंट्स मिळाली. त्या काळचा रेडिओ लहरीच्या उंचीत आवाज साठवायचा, त्यामुळे वीज कडाडली की रेडिओतही कडकडाट. आर्मस्ट्राँगने आवाज लहरीच्या वारंवारितेत साठवला आणि खरखर जवळपास गायब झाली. ज्यांचे पैसे जुन्या पद्धतीत अडकले होते, त्यांना हे रुचणारं नव्हतं. १९४५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आयोगाने एफएमचा पट्टा हलवून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला आणि तोवर विकलेले एफएम सेट एका निर्णयाने निकामी झाले. पेटंटच्या खटल्यांनी थकलेल्या आर्मस्ट्राँगने जानेवारी १९५४ मध्ये आयुष्य संपवलं. त्याची पत्नी मॅरियन लढत राहिली. शेवटचा खटला तिने १९६७ मध्ये जिंकला. तुम्ही ज्या पट्टीवर सुई सरकवता, ती पट्टी कुठे असावी हेसुद्धा एका भांडणातून ठरलं आहे. रेडिओत राजकारण नंतर शिरलं असं समजू नका.

स्टिरिओची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. डावा आणि उजवा आवाज बेरीज करून मुख्य लहरीवर जातो, म्हणून जुना मोनो रेडिओही तो नीट ऐकवतो. दोघांमधला फरक वेगळ्या, ऐकू न येणाऱ्या पातळीवर जातो आणि १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर ट्यूनरला सांगतो की, इथे स्टिरिओ आहे, फरक उचल. पुढच्या पट्टीवरचा तो लाल दिवा लागतो, तो हा सूर सापडल्यामुळे. नवं तंत्र आलं, पण साध्या रेडिओवाल्याला कुणी बाहेर काढलं नाही. दर तीन-चार वर्षांनी 'तुमचा फोन आता सपोर्टेड नाही' असं ऐकणाऱ्या आपल्या पिढीने या सौजन्याची नोंद घ्यायला हवी.

आणि या यंत्रांवर खर्च केलेली मेहनत खरी होती. साठच्या दशकातल्या मरँट्झच्या टेन-बी या व्हॅक्यूम ट्यूबच्या ट्यूनरमध्ये स्टेशन अचूक लागलं का हे बघायला चक्क छोटा ऑसिलोस्कोप बसवला होता. तो विकसित करण्याचा खर्च इतका वाढला की १९६४ मध्ये सॉल मरँट्झला कंपनी विकावी लागली.

'पण फोनवर सगळं आहे की'

आहे. आकाशवाणीही ॲपवर आहे, तीही बऱ्याच केंद्रांसकट. मग ट्यूनर कशाला?

पहिलं कारण: ट्यूनरला तुम्ही कोण आहात हे कळत नाही. ट्रान्समीटर लहर सोडतो, तुमची वायर ती झेलते, आणि उलट दिशेने काहीही जात नाही. रात्री दोनला तुम्ही कोणतं गाणं अर्ध्यात बदललंत, कोणत्या भाषणाजवळ थांबलात, याची नोंद कुठेही होत नाही. आजच्या बाजारात असं ऐकणं दुर्मिळ झालं आहे, आणि ते फुकट आहे.

दुसरं कारण: एक लाख माणसं आणखी ऐकू लागली तरी ट्रान्समीटरवर ताण येत नाही. नेटवर्कचं तसं नाही. पूर आला की टॉवर जातो. आणि आपल्या देशात टॉवर धडधाकट असतानाही इंटरनेट जातं. काश्मीरमध्ये २०१९ ला गेलं, मणिपूरमध्ये २०२३ ला गेलं. अशा दिवशी ज्याच्याकडे रेडिओ आहे, त्याच्याकडे निदान एक आवाज आहे.

हे सरकारलाही माहीत आहे. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन बनवणाऱ्यांना सूचना पाठवली की, फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका, नसेल तर द्या. तोवर हेडफोनचा जॅकच गायब व्हायला लागला होता, आणि फोनच्या एफएमला अँटेना म्हणून हेडफोनचीच वायर लागते. जॅक कुणी मागून काढला नाही. आपल्याला न विचारता काढला, आणि आपण ब्लूटूथचे इअरबड्स घेऊन मोकळे झालो.

हवा कोणाची?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रातलं सूत्र क्रिकेटच्या फार पलीकडचं आहे: प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची खासगी जहागीर नाही आणि सर्वात मोठी बोली लावणाऱ्याचीही नाही. तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे.

आता ही आपली मालमत्ता कशी वापरली जाते ते ऐका. २००१ पासून खासगी एफएम आलं. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा ऐकवता येतं. टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, फोनवर कुणीही चॅनल काढून बातमी देतो. पण तुमच्या शहराचा रेडिओ महापालिकेत काल काय झालं हे स्वतः सांगू शकत नाही. वाहतूक सांगू शकतो, हवामान सांगू शकतो. खड्ड्यामुळे ट्रॅफिक जाम आहे, इथपर्यंत ठीक. तो खड्डा कुणाच्या कंत्राटातला, हे विचारलं की ती बातमी होते. या बंदीविरुद्ध कॉमन कॉज ही संस्था २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. आपण श्रोते मात्र कधी हूं की चूं केलेलं नाही.

सगळा दोष सरकारच्या माथी मारून खासगी वाहिन्या सुटत नाहीत. बातम्यांना बंदी आहे. नाट्यसंगीताला, लोकगीताला, मुलाखतीला, एखाद्या नव्या मराठी बँडला नाही. तरी वाहिनी बदलावी तर तीच दहा-पंधरा गाणी, तोच खिदळणारा निवेदक, त्याच जाहिराती. वर आवाज इतका दाबून सपाट केलेला असतो की, तबल्याची थाप आणि टाळी यांत फरक उरत नाही. चांगला ट्यूनर हे लपवत नाही. फोनच्या स्पीकरवर जे चालून जातं, ते मोठ्या स्पीकरवर उघडं पडतं. जुना ट्यूनर घेणाऱ्यांपैकी बरेच जण आठवड्याभरात तो बंद का ठेवतात, याचं हे प्रामाणिक उत्तर आहे.

पण श्रोता काही करू शकत नाही हे खोटं आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि लोकांनी काय ऐकावं हे दिल्लीत ठरू लागलं. फिल्मी गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही. नॉब फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली, ती या नॉबमुळे. तो नॉब शॉर्टवेव्हचा होता, एवढाच काय तो फरक.

आणि ऐकण्यासारखं अजिबात नाही, हेही खरं नाही. माणदेशात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येऊ लागला. या केंद्रांना ट्रान्समीटर साधारण पन्नास वॉटचा मिळतो. शेजारी बलाढ्य व्यापारी केंद्र आणि मध्ये हा क्षीण आवाज. फोन तिथे हात टेकतो. नेमका हाच क्षीण आवाज शेजाऱ्याच्या गोंगाटातून वेगळा काढणं, हे त्या जुन्या, जड, चार-पाच कप्प्यांच्या ट्यूनिंग कंडेन्सरवाल्या यंत्राचं खरं कौशल्य. त्याची किंमत वसूल होते ती इथे.

घेणार असाल तर

थोडं व्यवहाराचं. फक्त जपानसाठी बनलेला ट्यूनर घेऊ नका. त्याची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असते आणि आपली बहुतेक केंद्रं तिच्याबाहेर आहेत. अमेरिकेहून आलेला डिजिटल आकड्यांचा ट्यूनर बहुधा ०.२ च्या उड्या मारतो: १०२.७, मग १०२.९. मुंबईची विविध भारती १०२.८ वर आहे. ती मधेच राहते. सुईवाल्याला ही अडचण नाही, तो कुठेही थांबतो. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० चं. आपल्या २३० वर थेट लावलंत तर धूर निघेल. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

पैसे यंत्रावर कमी आणि अँटेनावर लक्ष जास्त द्या. दीड मीटर वायरचा टी-आकाराचा साधा अँटेना, खिडकीजवळ, जमेल तितका उंच. स्टेशन क्षीण असेल तर मोनोचं बटण दाबा. स्टिरिओला तगडा सिग्नल लागतो, मोनोत खरखर झटकन कमी होते. नावाजलेली मॉडेलं महाग आहेत, पण साधा ट्यूनर हा आजही जुन्या स्टिरिओमधला सर्वात स्वस्त भाग असतो, कारण तो कुणाला नको असतो.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम केंद्रं बंद केली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीने २०२४ च्या अखेरीस तेच केलं. आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा 'तसंही कोण ऐकत होतं?' असं विचारलं जाईल. त्याचं उत्तर आत्ताच तयार ठेवा. एका संध्याकाळी ८८ पासून १०८ पर्यंत सुई सावकाश न्या आणि वहीत लिहा: कोणतं केंद्र, कोणती भाषा, तासात किती गाणी, किती जाहिराती, तुमच्या तालुक्याबद्दल किती वाक्यं. ती यादी त्या केंद्रांना पाठवा, आकाशवाणीला पाठवा, तुमच्या खासदाराला पाठवा. मालमत्ता आपली आहे. निदान तिची मोजणी तरी आपण करू. ट्यूनरचा फोटो त्यानंतर टाका.