व्यसनमुक्तीची फी कोणी भरायची?

मागच्या वर्षी आमच्या काकाजींना दारू सोडवायला एका खाजगी केंद्रात ठेवलं. महिन्याला १२ हजार, किमान तीन महिने, आणि घरून उचलून नेणाऱ्या गाडीचे ३ हजार वेगळे. काकाजी ठेकेदाराकडे रोजीवर, काकू चार घरची धुणीभांडी करतात. काकूंनी बचत गट आणि मायक्रोफायनान्स मिळून ४० हजार उचलले. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं. ते माझ्या हातात देऊन काकू म्हणाल्या, "बेटा, तू शिकलेली आहेस. बघ, बरोबर आहे का?" मी बेरीज केली. ३९ हजार. म्हटलं, बरोबर आहे.

समाजशास्त्रात एम.ए. झालेली, पीएच.डी. करणारी मी, आणि बेरीज तपासत बसले! विचारायचे प्रश्न वेगळे होते, ते मला माहीतच नव्हते. घरातला पहिला पदवीधर म्हणजे घरचा वकील, डॉक्टर, बँक मॅनेजर, सगळंच. असं एखादं पान तुमच्याही हातात कधी ना कधी येणार आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी खर्च नेमका कशाचा असतो ते बघू. शरीर दारूवर अवलंबून असेल आणि पिणं अचानक थांबलं, तर पहिले काही दिवस धोक्याचे असतात. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना दोन-चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू लागतात. वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. हा आठवडा-दहा दिवसांचा टप्पा डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायचा असतो. त्याला लागतात हळूहळू कमी करत नेलेल्या शामक गोळ्या आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ही काही महागडी औषधं नाहीत. पुढचा टप्पा महिन्यांचा, वर्षांचा: समुपदेशन, ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी गोळी, ठरावीक दिवसांनी तपासणी, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका, ज्यांना फी नसतेच. मोठा पैसा औषधाला जात नाही, तो खोलीला, जेवणाला आणि कुलपाला जातो. शिवाय बुडालेली रोजी कुठल्याच बिलात दिसत नाही. काकाजींच्या केंद्रात तीन महिन्यांत डॉक्टर किती वेळा आले, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, एकदा. बाकी काय होतं? प्रार्थना आणि झाडलोट. घरी आले आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा प्यायले. लोक म्हणाले, पैसे पाण्यात गेले. पण व्यसनात पुन्हा घसरणं हा आजाराचाच भाग असतो. मधुमेहाच्या रोग्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला इन्सुलिन देणं थांबवत नाही.

आता कायदा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था येतात. कलम १८ म्हणतं की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत हा उपचार मोफत मिळाला पाहिजे. "कार्ड असो वा नसो" हे शब्द नीट वाचा, आपल्या वस्तीत निम्मी भांडणं कार्डाचीच असतात. याच कायद्याप्रमाणे असा उपचार देणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते, आणि रुग्णाला साखळीने बांधणं मना आहे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर डॉक्टरी तपासणीची ठरलेली रीत आहे. रात्री दोन वाजता चार पोरं गाडी घेऊन येतात, ही ती रीत नव्हे. आणि त्यासाठी आम्ही ३ हजार मोजले.

विम्याची गोष्ट तर अजून बघण्यासारखी आहे. कलम २१ सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही. आणि विमा नियामकाने २०१९ मध्ये पॉलिसीतून वगळता येणाऱ्या गोष्टींची जी प्रमाणित यादी काढली, तिच्यात बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणामसुद्धा आहेत. "परिणाम" म्हटलं की त्यात यकृतही आलं. संसदेने आजार म्हटलं आणि विमा कंपनीला मात्र ते वाईट चालीचं लक्षण मानायची मुभा राहिली. आयुष्मान भारतचं कार्ड वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं, पण ते दाखल होण्यासाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि नशेच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम वगळलेल्यांच्या यादीत. म्हणजे जो टप्पा सगळ्यात लांब, तोच घरच्या खिशातून.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं करा. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग कुठल्या दिवशी असतो ते बघा. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करून जवळचं अनुदानित पुनर्वसन केंद्र विचारा. ही केंद्रं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पैशावर चालतात. आपल्यातल्या अनेकांच्या शिष्यवृत्त्याही त्याच मंत्रालयाच्या, म्हणजे अर्ज कसा लिहायचा ते आपल्याला येतंच. खाजगी केंद्रच घ्यायचं ठरलं तर नोंदणी क्रमांक, डॉक्टरचं नाव, छापील पावती मागा. पावती द्यायला कोणी कुरकुर करत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

हे सगळं कागदावर असून उपचार किती जणांपर्यंत पोचतो? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला दिसला. दवाखान्यात दाखल झालेला १८० मागे एक. उरलेल्यांना आपण बेवडा म्हणतो.

मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, मैहर, अमरकंटक अशा धार्मिक शहरांत दारूविक्री बंद केली. देवाच्या दारातली दुकानं गेली. रांझीसारख्या मजुरांच्या वस्तीत कोणतं तीर्थ आहे? इथली बाई दारूबंदी मागते तेव्हा ती पावित्र्याबद्दल बोलत नसते, ती पगाराच्या दिवसाबद्दल बोलत असते. जोतीरावांना हे कळलं होतं. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला, तो घरं बुडतात म्हणून.

बाबासाहेबांचं म्हणणं मात्र अर्धंच सांगितलं जातं. १९५६ च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती आपल्याला पाठ आहे. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून अबकारीचं उत्पन्न वाचवावं आणि विम्याचं राष्ट्रीयीकरण करावं, या दोन्ही गोष्टी सरकारला पैसा उभा करण्याचे मार्ग म्हणून एकाच ठिकाणी आहेत. मला यात विसंगती दिसत नाही. प्रतिज्ञा माणसाने घ्यायची, हिशेब राज्याने द्यायचा. आज अबकारीचा पैसा राज्याकडे जातो आणि विमा कंपनी हात वर करते. त्या पैशातला ठरलेला वाटा जिल्ह्याच्या व्यसनोपचारासाठी बांधून घ्यावा, आणि ते बारावं कलम यादीतून काढावं, या मागण्या आपल्या संघटनांच्या निवेदनात मला अजून दिसलेल्या नाहीत.

आणि एक घरातलं. काकाजींनी विहारात जाणं सोडलं ते दारू सुरू झाल्यावर नाही, कोणीतरी भर सभेत प्रतिज्ञेची आठवण करून दिली तेव्हापासून. त्या दिवशी कोणी एखाद्या डॉक्टरचं नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे जयंतीच्या वर्गणीचा हिशेब रुपयापर्यंत लागतो, पण वस्तीतल्या कुणाच्या उपचारासाठी पेटी फिरली, असं मला आठवत नाही.

सध्या दर दुसऱ्या मंगळवारी काकाजी आणि मी सरकारी ओपीडीत जातो. ऑटोचं भाडं मी देते, रोजी त्यांची बुडते, गोळ्या तिथूनच मिळतात. नऊ आठवडे झाले आहेत. मायक्रोफायनान्सचे हप्ते अजून सात महिने आहेत. दर शुक्रवारी सकाळी काकू ते भरून मग कामाला जातात.