गाढवाच्या रक्ताला घोड्याचा तक्ता

आजारी गाढवाचं रक्त तपासायला दिलं, तर अहवालात ‘सामान्य मर्यादा’ म्हणून येणारे आकडे पुष्कळदा घोड्याचे असतात. दोघं चुलतभाऊ, चालायचंच, असं म्हणून आपण ते खपवून घेतो. पण गाढवाच्या तांबड्या पेशी घोड्यापेक्षा आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. घोड्याच्या तक्त्यावर मोजलं तर धडधाकट गाढवालाही पंडुरोग झालाय असं वाटेल. याच्या उलटही घडतं. पाण्यावाचून राहिलेलं गाढव रक्तातलं पाणी इतक्या चिवटपणे धरून ठेवतं, की अंग बरंच सुकेपर्यंत रक्त दाट होत नाही. अहवाल म्हणतो ठीक आहे, आणि जनावराला खरी गरज सलाइनची असते.

हे असं झालं, कारण घोड्याच्या रक्तात पैसा होता.

ते रक्त तपासण्याचं हत्यार मात्र भलतीकडून आलं. ऑलिव्हर स्मिथीज नावाचा संशोधक टोरांटोत इन्शुलिनवर काम करत होता. प्रथिनं वेगळी करायला त्याला नीट माध्यम सापडेना. लहानपणी आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ घालायची, ती थंड झाली की थुलथुलीत घट्ट व्हायची, हे त्याला आठवलं. 1955 साली त्याने याच खळीच्या वडीतून रक्तद्रव विजेच्या ओढीने सरकवून दाखवला. प्रत्येक प्रथिन आपापल्या विद्युतभारानुसार आणि आकारानुसार वेगळ्या जागी थांबतं, रंग दिला की पट्टे दिसतात. एकाच प्रथिनाचे पट्टे दोन जनावरांत वेगळ्या जागी दिसले, तर त्यामागची जनुकं वेगळी असणार. नोबेल त्याला पुढे 2007 साली उंदरांच्या जनुकांवरच्या कामासाठी मिळालं. माझ्या मते खळीचं काम त्याहून देखणं.

घोडेवाल्यांना हे हत्यार आयतंच मिळालं. लोह वाहून नेणारं ट्रान्सफरिन घोड्यांत डी, एफ, एच, ओ, आर अशा कितीतरी रूपांत सापडतं. शिंगराला एक रूप आईकडून येतं, एक बापाकडून. शिंगराच्या रक्तात असा पट्टा निघाला, जो घोडीतही नाही आणि कागदावरच्या नरातही नाही, तर कागद खोटा. ट्रान्सफरिन, अल्ब्युमिन, एस्टरेज आणि तांबड्या पेशींवरचे रक्तगट एकत्र लावले की बनावट बाप बहुतेक वेळा उघडा पडायचा. ‘हाच बाप’ असं मात्र ही तपासणी कधीच म्हणू शकत नव्हती, ‘हा नव्हे’ एवढंच ठामपणे सांगायची. आता हे काम डीएनए करतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची भारतातली वंशनोंद आपल्या पुण्यातच ठेवली जाते. ज्या जातीची इंग्लंडमधली वंशवही 1791 पासून लिहिली जाते, तिच्या बापाबद्दल शंका म्हणजे लाखोंचा सौदा मोडला. शुद्ध विज्ञानाच्या दालनातही घोडाच पुढे: मॅक्स पेरुट्झने ज्या हिमोग्लोबिनची रचना उलगडून 1962 चं नोबेल घेतलं, तेही घोड्याचं.

गाढव या सगळ्यात आलं ते तुलनेपुरतं. ती तुलना मात्र फार रंजक आहे. दोघांचे वंश सुमारे चाळीस-पंचेचाळीस लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. पेशींना ऊर्जा पुरवण्याच्या कामातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन घ्या: 104 अमिनो आम्लांच्या साखळीत दोघांत फरक फक्त एका जागेचा. रक्तातली प्रथिनं इतकी एकनिष्ठ नाहीत. गाढवांतही ट्रान्सफरिनची निरनिराळी रूपं आहेत, आणि खेचराच्या रक्तात आईचे नि बापाचे असे दोन्ही पट्टे शेजारीशेजारी उमटतात.

आणि खेचरापाशीच हा विषय पुस्तकातून गोठ्यात येतो. गाढवाच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते, जी कुठल्याच घोड्यात नसते. घोडीच्या पोटात खेचर वाढताना किंवा विताना त्याचं थोडं रक्त तिच्या रक्तात मिसळलं, तर तिचं शरीर त्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. घोडीची वार ती गर्भापर्यंत जाऊ देत नाही, म्हणून शिंगरू जन्मतं ठणठणीत. मग ते चीक पितं. एरवी ज्या चिकावर त्याचा जीव तगायचा, त्यातूनच ही प्रतिपिंडं पोटात जातात आणि त्याच्या पेशी फोडायला लागतात. एक-दोन दिवसांत शिंगरू मलूल, डोळे पिवळे, लघवी लाल. थरोब्रेडमध्ये असा प्रकार शंभरात एखाद-दुसरा. खेचरांत सुमारे दहातल्या एकाला हा धोका असतो. पहिलं वेत बहुधा सुटतं, म्हणून मालक पुढच्या वेताला गाफील राहतो. उपाय साधा आहे: शिंगराचं रक्त आईच्या चिकात मिसळून गुठळ्या होतात का ते बघायचं. झाल्या तर पहिला दीड दिवस तोंडाला मुसकं आणि जिला कधी गाढव लावलेलं नाही अशा दुसऱ्या घोडीचा चीक.

गाढवाच्या पेशींवरची ही खूण आपल्याला खेचरामुळे कळली. निव्वळ गाढवासाठी एवढी खोल तपासणी करायला कोण पैसे देणार? 2012 च्या पशुगणनेत देशात 3.2 लाख गाढवं होती, 2019 मध्ये 1.2 लाख उरली. कळप आटतात तेव्हा रक्तातल्या प्रथिनांची कुठली रूपं कायमची गेली, हे आधी नोंद असेल तरच समजतं. थरोब्रेडचं प्रत्येक शिंगरू नोंदवायचं आणि गाढवाची मोजदाद फक्त डोक्यांची करायची, हा हिशेब मला पटत नाही.

गाढवाच्या रक्ताची नोंद सुरू करायला जागा तयार आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडी आणि गावठी, दोन्ही जनावरं एका माळावर येतात. वैदू, बेलदार, कैकाडी, कुंभार, वडार मंडळी दात बघून दुवान, चौवान, अखंड असं वय ठरवून भाव करतात. वय तिथे आयतं ठरलेलं, जात मालक सांगतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मानेच्या शिरेतून पाच मिलिलिटर रक्त घ्यायचं, एवढंच बाकी. मालक विचारेल, मला काय मिळणार? जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस, दोन्ही तिथल्या तिथे, फुकट.